आकाशाचे ओझे : 'द टायटन्स कर्स' या कुमार-कादंबरीचे एक वाचन

कादंबरीमालिकेतील पहिल्या भागाकडे समीक्षकांचे लक्ष जाते, कारण तेथे एक नवे जग उभे राहिलेले असते. शेवटच्या भागाकडे जाते, कारण तेथे सगळे धागे एकत्र येतात. मधला भाग मात्र बहुधा उपेक्षित राहतो. आरंभाचे नावीन्य त्याच्याजवळ नसते आणि शेवटाचे समाधानही त्याला देता येत नाही. असे असले तरी लेखक आपल्या बालवाचकाला किती गांभीर्याने घेतो, याची कसोटी मधल्या भागातच लागते. रिक रायर्डन या अमेरिकन लेखकाच्या 'पर्सी जॅक्सन अँड द ऑलिम्पियन्स' या मूळ पाच भागांच्या मालिकेतील तिसरा भाग 'द टायटन्स कर्स' (२००७) या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. याच्या आधी 'द लाइटनिंग थीफ' (२००५) व 'द सी ऑफ मॉन्स्टर्स' (२००६) हे दोन भाग, तर नंतर 'द बॅटल ऑफ द लॅबिरिंथ' (२००८) व 'द लास्ट ऑलिम्पियन' (२००९) हे दोन भाग प्रसिद्ध झाले. म्हणजे हा भाग अक्षरशः मध्यावर उभा आहे.

रायर्डन हे मूळचे शिक्षक. टेक्सासमध्ये व सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात त्यांनी माध्यमिक वर्गांना इंग्रजी व इतिहास हे विषय अनेक वर्षे शिकविले. वाचनाची अडचण असलेल्या आपल्या मुलाला सांगितलेल्या गोष्टींतून ही मालिका जन्मली. म्हणून तिचा नायक पर्सी हाही अक्षरे उलटसुलट दिसणारा, वर्गात स्थिर न बसणारा, शाळांमधून काढून टाकला जाणारा मुलगा आहे. तो समुद्रदेव पोसायडन व एक मानवी स्त्री यांचा पुत्र असल्याचे पहिल्या भागात उघड होते. त्याचे डोळे प्राचीन ग्रीक वाचण्यासाठी घडलेले असल्यामुळे इंग्रजी अक्षरे त्याच्यापुढे नाचतात, ही कल्पना शैक्षणिकदृष्ट्या मोलाची आहे. कारण 'मठ्ठ' ठरविलेल्या मुलाला ती त्याचा मान परत देते.

ही मालिका इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांच्या हाती सर्रास असते. मुस्लिम कुटुंबांतील व संस्थांतील शिक्षक-पालकांपुढे तिच्याविषयी एक साधा पण गंभीर प्रश्न उभा राहतो. झ्यूस, पोसायडन, हेडीस, आर्टेमिस या देवता ज्या कथेत हिंडतात, बोलतात, भांडतात, ती कथा तौहीदची शिकवण घेणाऱ्या मुलाने वाचावी काय? या प्रश्नाचे उत्तर पुस्तक न वाचता देता येत नाही, आणि केवळ 'कल्पित गोष्ट आहे' असे म्हणून तो टाळताही येत नाही. प्रस्तुत लेखात प्रथम कादंबरीचे कादंबरी म्हणून वाचन केले आहे व मग या प्रश्नाकडे वळले आहे.

मधल्या भागाची अडचण

मराठी कुमारवाचकाला मालिका नवी नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुस्तकामागून पुस्तकात साहसे करीत राहतो. परंतु तेथे प्रत्येक पुस्तक स्वतंत्र आहे. कोठूनही वाचायला घेतले तरी चालते. उर्दू दास्तानांची परंपरा याहून वेगळी. 'दास्तान-ए-अमीर हमजा'चा सर्वांत गाजलेला भाग 'तिलिस्म-ए-होशरुबा' लखनौच्या नवल किशोर छापखान्याने १८८३ पासून खंडशः प्रसिद्ध केला. दास्तान ऐकणारा श्रोता बहुधा मध्येच येऊन बसे आणि शेवट होण्यापूर्वीच उठून जाई. तेथे सारी कथाच मध्यभाग असते. मायावी जगात अडकणे, अय्यारांच्या युक्त्या, सुटका आणि पुन्हा नवा पेच, हेच तिचे सुख. शेवटाची घाई कोणालाच नसे.

रायर्डन यांनी या दोन्हींहून वेगळी वाट घेतली आहे. त्यांचा नायक दर भागात वयाने वाढतो. पहिल्या भागात तो बारा वर्षांचा आहे, येथे चौदा वर्षांचा. सोळाव्या वर्षी काय होणार यासंबंधी एक भविष्यवाणी त्याच्या डोक्यावर टांगलेली आहे. वय वाढते म्हणजे काळ पुढे जातो, आणि काळ पुढे जातो म्हणजे झालेले नुकसान भरून निघत नाही. पहिल्या दोन भागांत ही गोष्ट वाचकाला जाणवू दिलेली नाही. दुसऱ्या भागात पर्सीचा सावत्र भाऊ टायसन मेला असे वाटते आणि तो सुखरूप परत येतो. झाड होऊन गेलेली थालियाही पुन्हा माणूस होते. तिसऱ्या भागात मात्र मोहिमेवर गेलेल्या पाचांपैकी दोघी मरतात आणि परत येत नाहीत. हसतखेळत चाललेल्या मालिकेत मृत्यू येथे प्रथमच खरा होतो. मधल्या भागाला लेखकाने दिलेले काम हे आहे.

कथानक आणि ओझे

कथानक थोडक्यात असे. मेन राज्यातील एका लष्करी शाळेत बियांका व निको डि अँजेलो ही बहीण-भावंडे आहेत. तीही देवपुत्र असावीत, असा सुगावा लागतो. त्यांना आणण्यासाठी पर्सी, थालिया, ॲनाबेथ व ग्रोव्हर जातात. तेथे उपमुख्याध्यापकाच्या वेषात मँटिकोर हा राक्षसी प्राणी दबा धरून बसलेला असतो. झटापटीत ॲनाबेथ त्याच्यासह कड्यावरून नाहीशी होते. मृगयादेवता आर्टेमिस व तिच्या शिकारी मुलींचे पथक ऐनवेळी येते. पुढे आर्टेमिस स्वतःच शत्रूच्या हाती सापडते. तिच्या सुटकेसाठी पाच जणांनी पश्चिमेकडे जावे, त्यांपैकी एक जण पाऊस नसलेल्या भूमीत हरवेल व एकाचा अंत जन्मदात्याच्या हातून होईल, असे भविष्य वर्तविले जाते. वॉशिंग्टन, न्यू मेक्सिको, ॲरिझोना, हूव्हर धरण, सॅन फ्रान्सिस्को असा प्रवास करीत ही मंडळी तामलपाइस डोंगरावर पोहोचतात. टायटन ॲटलस ज्या जागी आकाश खांद्यावर पेलून उभा असावयाचा, ती जागा तेथे आहे. 'टायटनचा शाप' म्हणजे आकाशाचे हेच ओझे.

कादंबरीचे खरे बळ या ओझ्याच्या हातबदलात आहे. ॲटलस सुटावा म्हणून ल्यूक ते ओझे घेतो आणि आपण चिरडले जात आहोत असे सांगून जुन्या स्नेहाच्या जोरावर ॲनाबेथच्या खांद्यावर देतो. ॲनाबेथ मरू नये म्हणून आर्टेमिस ते घेते. आर्टेमिसला लढता यावे म्हणून पर्सी ते घेतो. शेवटी ॲटलस पुन्हा त्याखाली सापडतो. एकच ओझे चौघे उचलतात, परंतु प्रत्येकाचे कारण वेगळे आहे : कपट, दया, कृतज्ञता आणि मैत्री. पर्सी व ॲनाबेथ या दोघांच्याही केसांत त्यानंतर एक पांढरी बट राहते. देव अमर असल्यामुळे त्यांच्यावर खूण उमटत नाही, मुलांवर उमटते. लेखक यावर भाष्य करीत बसत नाही, आणि त्यामुळे ती खूण अधिक बोलते.

मूळ ग्रीक कथेत हर्क्युलिस सोनेरी फळांसाठी ॲटलसकडे येतो, फळे आणून देण्याच्या बदल्यात काही वेळ आकाश पेलतो आणि खांद्यावरची उशी नीट करण्याच्या निमित्ताने त्याला पुन्हा त्याखाली घालून निघून जातो. म्हणजे मूळ कथा युक्तीची आहे. रायर्डन यांनी ती त्यागाची केली. जुन्या कथेला अशी नवी नैतिक दिशा देणे हे मिथकाधारित लेखनाचे मुख्य काम होय. मुस्लिम वाचकाला येथे सूरह अल-अहजाबमधील अमानतीचा उल्लेख आठवल्याशिवाय राहणार नाही. आकाश, पृथ्वी व पर्वत यांनी जो भार घेण्यास नकार दिला तो माणसाने उचलला, हा त्याचा आशय. दुसरीकडे, कोणीही ओझे वाहणारा दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हेही पवित्र कुरआनात सांगितले आहे. तेथे विषय पापाच्या जबाबदारीचा आहे. संकटात दुसऱ्याचा भार हलका करणे वेगळे आणि त्याच्या अपराधाची जबाबदारी घेणे वेगळे. वर्गात हा भेद समजावून देण्यासाठी ल्यूक आणि ॲनाबेथ यांच्या प्रसंगासारखे उदाहरण सहज मिळणार नाही. ॲनाबेथ ल्यूकचा भार घेते. परंतु ल्यूकचा अपराध ल्यूककडेच राहतो.

झोई : गाळलेल्या नावाची कथा

या भागातील सर्वांत पूर्णत्वाने रेखाटलेली व्यक्ती नायक नसून आर्टेमिसच्या पथकाची प्रमुख झोई नाइटशेड ही आहे. जुन्या वळणाची इंग्रजी बोलणारी, मुलग्यांना तुच्छ लेखणारी, कडक शिस्तीची ही मुलगी प्रथम वाचकाला आवडत नाही. तिचा भूतकाळ थोडाथोडा उलगडतो. ती ॲटलसची कन्या व हेस्पेरिडीस भगिनींपैकी एक. फळे मिळविण्यासाठी हर्क्युलिसला तिने साहाय्य केले, आपले सामर्थ्य ज्यात होते ती तलवार दिली, आणि त्यासाठी तिच्या बहिणींनी तिला घराबाहेर काढले. हर्क्युलिसने तिचे नावही कोठे घेतले नाही. तीच तलवार आज पर्सीच्या हातात आहे.

ही व्यक्तिरेखा रायर्डन यांची निर्मिती आहे; प्राचीन ग्रंथांतील हेस्पेरिडीसमध्ये झोई नावाची कोणी नाही. परंतु परंपरेशी ती विसंगत वाटत नाही. नायकाला मदत करून टाकून दिलेल्या एरियाडनी व मीडिया या स्त्रिया ग्रीक कथांत आहेतच. वीरकथेत ज्या स्त्रीचे नाव गाळले गेले तिला लेखकाने नाव दिले, आणि वीराच्या हातातील तलवार मुळात कोणाची हे विचारण्यास मुलांना शिकविले. चौदा वर्षांच्या मुलाने आपला आदर्श असलेला वीर कृतघ्न होता हे ऐकणे आणि तरीही स्वतः तसे न होण्याचे ठरविणे, हे या भागातील खरे वयात येणे आहे.

झोई मरते तेव्हा आर्टेमिस तिला नक्षत्ररूप देते. शहरांच्या दिव्यांमुळे हल्ली तारे दिसत नाहीत, अशी तक्रार तीच आधी करते. मरताना तिला ते दिसतात. ही योजना अतिशय हृद्य आहे. येथे इस्लामी ज्ञानपरंपरेतील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. दहाव्या शतकातील खगोलज्ञ अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी सुमारे ९६४ साली 'किताब सुवर अल-कवाकिब अल-साबिता' हा स्थिर ताऱ्यांवरील ग्रंथ लिहिला. टॉलेमीच्या अठ्ठेचाळीस तारकासमूहांची त्यांनी निरीक्षणाने फेरतपासणी केली आणि प्रत्येक समूहाची दोन चित्रे दिली, एक आकाशात दिसते तसे व एक खगोलावर दिसते तसे. आज 'हर्क्युलिस' म्हणून ओळखला जाणारा समूह टॉलेमीकडे केवळ 'गुडघे टेकलेला' या नावाने येतो. अरबीत तो 'अल-जासी' झाला, आणि त्यातील एका ताऱ्याचे 'रास अल-जासी' हे नाव थोड्या अपभ्रंशाने आजही जगभर वापरले जाते. काही प्राचीनांनी त्याची ओळख हर्क्युलिसशी जोडली होती, पण खगोलज्ञांच्या या परंपरेत तो एक अनाम, गुडघे टेकलेला माणूस राहिला. ज्या कादंबरीत हर्क्युलिसचे मोठेपण उतरविले जाते, त्या कादंबरीच्या वाचकाला ही माहिती मिळाली तर त्याच्या वाचनाला एक नवे परिमाण लाभेल.

बियांका आणि निको : घरातील मोठ्या मुलीचा प्रश्न

झोईहूनही अवघड प्रश्न बियांकाच्या निमित्ताने उभा राहतो. ती बारा वर्षांची, निको दहा वर्षांचा. आई-वडील नाहीत. समज आल्यापासून धाकट्या भावाला सांभाळणे एवढेच तिचे आयुष्य. शिकारी मुलींच्या पथकात येण्याचे निमंत्रण मिळताच ती क्षणात स्वीकारते. भावावर तिचे प्रेम नाही असे नव्हे. परंतु कोणाची तरी बहीण असण्याव्यतिरिक्त आपण कोण आहोत, हे जाणून घेण्याची पहिली संधी तिला मिळालेली असते. पर्सी मनातून रागावतो. तिने निकोला टाकले असे त्याला वाटते. हा प्रश्न कोणत्याही परदेशाचा नाही. मोठ्या कुटुंबातील थोरली मुलगी धाकट्यांना सांभाळता सांभाळता शाळेतून गळते, हे चित्र येथील शिक्षकांना चांगले ठाऊक आहे. त्या मुलीच्या मनात काय चालते, हे कुमारसाहित्यात फारसे येत नाही.

मात्र लेखकाने या प्रश्नाला दिलेले उत्तर तपासून पाहावे लागते. ॲरिझोनाच्या वाळवंटात देवांच्या टाकाऊ वस्तूंचा उकिरडा आहे. तेथून काहीही उचलू नये, अशी ताकीद असते. बियांका एक लहानशी मूर्ती उचलते. निको ज्या खेळाच्या मूर्ती जमवितो त्यांतील त्याच्याजवळ नसलेली ती एकमेव मूर्ती आहे, हेडीसची. त्या चोरीमुळे टेलॉस हा धातूचा महाकाय पुतळा जागा होतो आणि इतरांना वाचविण्यासाठी त्याच्या आत शिरलेली बियांका मरते. भावापासून दूर गेलेली बहीण भावासाठी आणलेल्या खेळण्यामुळे मरते, असा हा क्रम आहे. स्वतःचे आयुष्य शोधणाऱ्या मुलीला कथेने शिक्षा केली असा अर्थ यातून निघू शकतो, आणि लेखकाने तो निघू नये यासाठी पुरेशी दक्षता घेतलेली नाही. पथकात गेल्यावर बियांकाला स्वतःची म्हणून काही कृती करण्यास वावच मिळत नाही. तिच्या नव्या आयुष्याची पाने इतकी थोडी आहेत की तिचा मृत्यू तिच्या कथेचा शेवट न वाटता निकोच्या कथेची सुरुवात वाटतो. मधल्या भागाची ही एक नेहमीची उणीव आहे : पुढच्या भागाला लागणारे इंधन येथे एका पात्राच्या जिवावर मिळविले जाते.

तरीही बहिणीची बातमी निकोला सांगण्याचा प्रसंग या मालिकेतील उत्तम प्रसंगांत मोडतो. तिची काळजी घेण्याचा शब्द निकोने पर्सीकडून मागितलेला असतो. पर्सी ती मूर्ती त्याच्या हाती देतो. दहा वर्षांचा मुलगा रडत बसत नाही. तो संतापतो, आणि त्या संतापातच तो हेडीसचा पुत्र असल्याचे उघड होते. दुःख झालेले मूल शहाण्यासारखे वागत नाही, ज्याने सत्य सांगितले त्याच्यावरच ते तुटून पडते, हे लेखकाने शिक्षकाच्या नजरेने टिपले आहे.

मधल्या भागात पेरलेली एक खूणही लक्षात घ्यावयास हवी. लहानपणी वॉशिंग्टनमध्ये राहिलेल्या बियांकाला तेथील भुयारी रेल्वे आठवत नाही. ती रेल्वे १९७६ साली सुरू झाली. ही भावंडे लास व्हेगासच्या 'लोटस' हॉटेलात राहिली होती, आणि तेथे काळ थांबलेला असतो, हे पहिल्या भागापासून वाचकाला माहीत आहे. होमरच्या कमळभक्षकांची कल्पना येथे जुगाराच्या हॉटेलात आणली आहे. सूरह अल-कहफमध्ये गुहेत तीनशे नऊ वर्षे राहिलेल्या तरुणांची कथा ऐकलेल्या मुलाला ही खूण इतरांपेक्षा लवकर कळेल. पण दोहोंतील अंतरही त्याला कळावयास हवे. गुहेतील तरुण श्रद्धा टिकविण्यासाठी जगापासून दूर झाले आणि जागे झाल्यावर साक्ष ठरले. हॉटेलातील मुले मात्र स्वतःच्या निर्णयाशिवाय तेथे ठेवली गेली आणि बाहेर आल्यावर पोरकी ठरली.

उणिवा

कादंबरीच्या उणिवांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. पहिली उणीव म्हणजे ॲनाबेथची अनुपस्थिती. मालिकेतील सर्वांत बुद्धिमान पात्र या भागात बहुतांश काळ कैदेत आहे. तिची सुटका हे नायकाच्या प्रवासाचे कारण होते. झोईच्या कथेतून गाळलेल्या स्त्रीला न्याय देणारी कादंबरी आपल्या नायिकेला मात्र बंदिवान राजकन्येच्या जुन्याच जागी नेऊन बसविते, हा विरोध नजरेआड करता येत नाही.

दुसरी उणीव रचनेची. प्रवासातील संकटांचा उलगडा वारंवार बाहेरून होतो. कधी अपोलो बेघर माणसाच्या रूपात येऊन रेल्वेची सोय करतो, कधी डायोनायसस वेलींनी शत्रूला गुंडाळतो, हूव्हर धरणावर थालियाने प्रार्थना करताच तेथील पंख असलेले कांस्यपुतळे मुलांना घेऊन उडतात. एकदा हे गमतीचे वाटते; तिसऱ्यांदा संकटाची धार बोथट होते. उलट संग्रहालयात निमियाच्या सिंहाची कातडी कशानेही भेदली जात नाही हे पाहून पर्सी त्याच्या तोंडात अंतराळवीरांच्या खाद्यपदार्थांची पाकिटे फेकतो, तेथे वाचक खऱ्या अर्थाने रमतो, कारण ती युक्ती मुलाची स्वतःची आहे.

तिसरी उणीव अधिक मूलभूत असून ती सबंध मालिकेच्या पायातच आहे. ग्रीक देव अमेरिकेत कसे आले? पहिल्या भागात याचे स्पष्टीकरण असे दिले आहे की पाश्चात्त्य संस्कृतीचे केंद्र जेथे जाते तेथे देव जातात : ग्रीसहून रोम, तेथून युरोपातील देश, मग इंग्लंड आणि शेवटी अमेरिका. तिसऱ्या भागात टायटनांचा ऑथ्रिस पर्वत कॅलिफोर्नियात उभा राहतो तो याच गृहीतावर. या वंशावळीत बगदादला जागा नाही, कुर्तुबा व तुलैतुला यांनाही नाही. वस्तुतः ग्रीकांचे वैद्यक, गणित, तत्त्वज्ञान व खगोलशास्त्र अब्बासी काळात अरबीत आले. हुनैन इब्न इसहाक (मृत्यू ८७३) यांच्यासारख्या अनुवादकांनी गॅलनचे ग्रंथ अरबीत नेले. आणि बाराव्या शतकात तुलैतुला येथे यांतील बरेचसे ज्ञान लॅटिनमध्ये उतरले. टॉलेमीच्या ग्रंथाचे 'अल्माजेस्ट' हे प्रचलित नावच अरबी वळणाचे आहे. मालिकेने सांगितलेली परंपरेची साखळी मधली कडी वगळून जोडलेली आहे. ज्या भागात मँटिकोर आहे त्या भागात तर ही वगळणूक विशेष जाणवते. मँटिकोर हा शब्द 'नरभक्षक' या अर्थाच्या जुन्या इराणी शब्दापासून आला. इराणी दरबारी वैद्य असलेल्या टेसियस या ग्रीकाने त्याचे वर्णन भारतातील प्राणी म्हणून केले. म्हणजे 'ग्रीक' म्हणून अमेरिकन मुलांपुढे येणारा हा राक्षस इराणच्या वाटेने गेलेला आहे. मिथककथा कोणा एका दिशेच्या मालकीची नसते, हे सांगण्याची संधी लेखकाने दवडली.

तौहीद आणि मिथककथा

आता आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे वळता येईल. लेखकाने पहिल्या भागातच शिक्षक कायरॉनच्या तोंडून एक भेद केला आहे. सृष्टीचा परमेश्वर हा विषय वेगळा असून आपण ज्या देवतांविषयी बोलतो त्या निसर्गशक्तींवर अधिकार चालविणाऱ्या लहान सत्ता होत, असा त्याचा भाव आहे. हा भेद तौहीदच्या दृष्टीने पुरेसा नाही, हे उघड आहे. तथापि कादंबरीतील देवतांचे चित्रण पाहिले तर त्या भक्तीचा विषय म्हणून येतच नाहीत. त्या बेजबाबदार माता-पित्यांच्या रूपात येतात. ज्या मुलांनी ऑलिम्पस वाचविले त्यांनाच भविष्यातील धोका म्हणून ठार करावे काय, यावर त्यांची सभा शेवटी मतदान करते, आणि बहुमताने मुले वाचली तरी ज्ञानदेवता ॲथीना हात वर करीत नाही. ल्यूकची तक्रार खरी आहे, त्याचा मार्ग चुकीचा आहे, असा कादंबरीचा एकंदर सूर आहे. एकमेकांशी भांडणाऱ्या अनेक सत्तांच्या हाती विश्व असते तर काय झाले असते, याचे चित्र म्हणूनही जाणता वाचक हे वाचू शकतो.

भविष्यवाणीच्या बाबतीतही असेच म्हणता येते. ओव्हिड या रोमन कवीच्या 'फास्टी'त अर्धा बैल व अर्धा सर्प असा एक प्राणी येतो. त्याची आतडी जाळणाऱ्याला देवांवर विजय मिळेल असे विधिलिखित असते. रायर्डन यांनी त्याला पर्सीमागे पोहत येणारे गरीब वासरू केले. त्याला मारून सर्वसत्ता मिळविण्याचा मोह थालियाला होतो. दुसऱ्याच दिवशी ती सोळा वर्षांची होणार असते आणि भविष्य तिच्याविषयीच असण्याचा संभव असतो. ती मोहापासून मागे फिरते आणि आर्टेमिसच्या पथकात जाऊन वयाच्या पलीकडे उभी राहते. भविष्य ठरलेले असले तरी कृतीची निवड माणसाकडे आहे, हे येथे कृतीतून दाखविले आहे. तकदीर आणि कर्तव्य यांच्या संबंधाविषयी मुलांशी बोलताना शिक्षकाला या प्रसंगाचा उपयोग होण्यासारखा आहे.

मुस्लिम ज्ञानपरंपरेनेही हा प्रश्न पूर्वी हाताळलेला आहे. अब्बासी काळातील अनुवादकांनी ग्रीक शास्त्रे घेतली, देवतांनी भरलेली महाकाव्ये बहुतांशी बाजूला ठेवली. 'इलियड'चे संपूर्ण अरबी पद्यभाषांतर सुलैमान अल-बुस्तानी यांनी केले ते थेट १९०४ मध्ये. दुसरीकडे अल-सूफींनी ग्रीक कल्पनेतील आकृत्या ताऱ्यांची ओळख पटविण्यासाठी निःसंकोचपणे रेखाटल्या, आणि अल-बीरूनी यांनी 'किताब अल-हिंद'मध्ये ग्रीक व भारतीय समजुती शेजारी ठेवून त्यांची तुलना केली. सावधपणा आणि जिज्ञासा या दोन्ही वृत्ती या परंपरेत एकत्र नांदल्या. मराठीतही श्रीगोंद्याचे संत शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' लिहिताना येथील भाषा व संकेत आपलेसे केले, आणि गोव्यात फादर स्टीफन्स यांनी पुराणाचा घाट घेऊन ओवीतून रचलेले 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. कथेचा घाट घेणे म्हणजे तिच्या देवतांचा स्वीकार करणे नव्हे, हे या भाषेच्या वाचकांना चार शतकांपासून माहीत आहे.

समारोप

'द टायटन्स कर्स' ही निर्दोष कादंबरी नाही. तिची रचना पाहुण्या देवांच्या मदतीवर अवलंबून राहते, नायिकेला ती कैदेत ठेवते, आणि 'पश्चिम' या कल्पनेचा तिचा नकाशा अपुरा आहे. परंतु मालिकेच्या मध्यावर थांबून तिने वाचकाला तीन अवघड गोष्टी सांगितल्या : मेलेले परत येत नाहीत, वीराच्या यशामागे एखादे गाळलेले नाव असते, आणि दुसऱ्यासाठी उचललेल्या ओझ्याची खूण अंगावर राहते. अद्भुताच्या आवरणाखाली एवढे सत्य सांगणारे पुस्तक मुलांपासून लपवून ठेवण्यात त्यांचे हित नाही.

मात्र ते एकट्या मुलाच्या हाती सोडून देणेही योग्य नव्हे. हे पुस्तक मालिकेतून सुटे काढून देऊ नये. पहिल्या दोन भागांतील निर्धास्तपणा अनुभवल्याखेरीज येथील मृत्यूंचा अर्थ लागत नाही. वाचून झाल्यावर बियांकाच्या निर्णयाविषयी मुलींना व मुलांना एकत्र बोलू द्यावे, आणि शिक्षकाने आपले मत शेवटी सांगावे. मालिकेने वगळलेली बगदाद व कुर्तुबाची कडी इतिहासाच्या तासाला जोडून द्यावी. आणि शक्य असेल तेव्हा, शहराच्या दिव्यांपासून दूर, मुलांना तारे दाखवावेत. त्यांतील अनेकांची नावे अरबी आहेत, आकृत्या ग्रीक आहेत, आणि 'मृग' म्हणून घराघरांत ओळखले जाणारे नक्षत्र ग्रीकांचा शिकारी व अल-सूफींचा 'अल-जब्बार' आहे. एकाच आकाशाकडे पाहून कोणी काय पाहिले, हे ज्या मुलाला समजले, त्याला कथा आणि श्रद्धा यांतील भेद वेगळा शिकवावा लागणार नाही.